सायकलमार्ग कुणासाठी बांधला? हॅनोव्हरच्या रस्त्यांची गोष्ट

आज इतिहासाच्या गप्पा मारायच्या आहेत, पण सुरुवात माझ्या मोडलेल्या हाडापासून करतो.

तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर महिना, शनिवारची सकाळ. घरी पाहुणे आलेले आणि ब्रेड संपलेला. बेकरी आमच्याच रस्त्यावर, आमच्याच बाजूला, पण डाव्या हाताला तीनशे मीटरवर. नियमाने जायचं तर मोठा रस्ता ओलांडा, पलीकडच्या सायकलमार्गाने जा, सिग्नलला पुन्हा अलीकडे या. एवढ्याशा अंतरासाठी कोण करतं हो एवढं? आमच्या बाजूलाही छान सायकलमार्ग होता आणि तो पूर्ण रिकामा होता. मी टांग मारली आणि निघालो.

मधल्या एका गल्लीतून एक गाडी बाहेर येत होती. गाडी चालवणाऱ्या बाईंनी थांबून डावीकडे पाहिलं, कारण त्या बाजूच्या गाड्या आणि सायकली डावीकडूनच येतात. मी आलो उजवीकडून. गाडीचा वेग माणसाच्या चालण्याइतकाच होता, तरी मी खांद्यावर आपटलो आणि कॉलरबोन मोडलं.

पोलीस आले. त्यांनी अगदी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "तुम्ही या बाजूने का येत होता?" माझ्याकडे "मार्ग रिकामा होता" याशिवाय उत्तर नव्हतं. चूक माझीच होती आणि मी ती तिथेच कबूल केली.

संध्याकाळी पुण्याहून आईचा फोन. तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता, "हेल्मेट घातलं होतंस ना रे?" घातलं होतं. डोकं शाबूत राहिलं. पण हेल्मेट घालूनही मी आपटलोच होतो.

पुढचे सहा आठवडे हात झोळीत होता आणि सायकल तळघरात. माझं काम आयटीतलं. आमच्याकडे एखादी सिस्टीम कोसळली, की चूक कुणाची हे शोधून आम्ही थांबत नाही. ती सिस्टीम मुळात अशी का बांधली होती, हेही शोधतो. म्हणून रिकाम्या वेळात मी रस्त्याबद्दल तोच प्रश्न विचारायला लागलो. हा सायकलमार्ग इथे कुणी बांधला? कशासाठी बांधला? मला वाटलं होतं, उत्तर सोपं आहे: सायकलवाल्यांच्या सुरक्षेसाठी. पण तसं ते निघालं नाही.

सुरुवात यंत्रापासून करू. १८१७ साली मानहाइममध्ये कार्ल ड्राइस यांनी दोन चाकांची लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पेडल नव्हतं, पायाने जमीन मागे रेटत पुढे जायचं. पुढे पेडल आलं, आणि वेगाच्या हव्यासापायी पुढचं चाक मोठं मोठं होत गेलं. जुन्या चित्रांत तुम्ही ती सायकल पाहिली असेल. पुढे माणसाच्या छातीइतकं उंच चाक, मागे छोटंसं चाक आणि स्वार वर टांगलेला. दगड आडवा आला की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर पडायचा.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन जवळपास सारखी चाकं, मधे साखळी आणि पाय जमिनीला टेकतील एवढीच उंची अशी सायकल आणली. तिला नावच पडलं 'सेफ्टी' सायकल. आज आपण जी चालवतो, ती तीच. म्हणजे आपल्या सायकलीचा आकारच मुळात अपघात टाळण्यासाठी ठरलेला आहे.

पाठोपाठ १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप यांनी हवा भरलेला टायर केला, आणि इथे आपलं हॅनोव्हर गोष्टीत येतं. १८७१ साली या शहरात रबराचा माल करणारी एक कंपनी निघाली होती, कॉन्टिनेंटल. १८९२ मध्ये सायकलीसाठी हवेचे टायर बनवणारी ती जर्मनीतली पहिली कंपनी ठरली. हवेच्या टायरने हादरे कमी झाले आणि रस्त्यावरची पकड वाढली. यंत्रापुरतं पाहिलं तर सायकल १९०० च्या आतच बरीचशी सुरक्षित झाली होती. मग धोका उरला कुठे? रस्त्यात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत जर्मनीतला कामगार सायकलने कारखान्यात जायचा. मोटार थोड्यांकडे, सायकल घरोघरी. साहजिकच रस्ता सायकलींनी भरलेला असायचा आणि मोटारवाल्यांना त्याची अडचण व्हायची. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्यांना देश मोटारींचा करायचा होता. १ ऑक्टोबर १९३४ पासून देशभर नवे वाहतूक नियम लागू झाले, आणि त्यांत एक कलम होतं: रस्त्याकडेला सायकलमार्ग असेल तर सायकलस्वाराने तोच वापरला पाहिजे. त्याच नियमांनी मोटारींवरची वेगमर्यादाही उठवली. अपघात इतके वाढले, की १९३९ मध्ये ती परत आणावी लागली.

ही दोन कलमं शेजारी ठेवून पाहा, म्हणजे हेतू कळतो. सायकलमार्गाची सक्ती सायकलवाल्याला वाचवण्यापेक्षा त्याला मोटारीच्या वाटेतून बाजूला काढण्यासाठी होती.

मग युद्ध आलं. ८ आणि ९ ऑक्टोबर १९४३ च्या मधल्या रात्री झालेल्या बॉम्बहल्ल्यात हॅनोव्हरचा मध्यभाग जवळजवळ नाहीसा झाला. १९४८ मध्ये रुडॉल्फ हिलेब्रेष्ट हे शहराचे बांधकामप्रमुख झाले आणि १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी उद्ध्वस्त शहराची नव्याने आखणी केली. मध्यभागाभोवती रुंद रस्त्यांचं कडं, मोठमोठी वर्तुळाकार चौकं, शहराबाहेर नेणारे वेगवान मार्ग. मोटारीला सोयीचं शहर कसं असावं याचं हॅनोव्हर हे उदाहरण झालं. १९५९ मध्ये 'डेअर श्पीगल' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्याला 'हॅनोव्हरचा चमत्कार' म्हटलं. पुढे १९६८ मध्ये एगिडियनटोअरप्लाट्झ या चौकावर, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसतं 'एगी' म्हणतो तिथे, उड्डाणपूलही आला.

हिलेब्रेष्टांना मी खलनायक ठरवत नाही. ढिगाऱ्यातून शहर उभं करणं सोपं नव्हतं आणि त्या काळी जगभर हेच शहाणपण मानलं जात होतं. पण त्या रुंद रस्त्यांच्या कडेला सायकलीसाठी जी पट्टी उरली, ती कशी होती? एका बाजूला झाडं, दुसऱ्या बाजूला पार्क केलेल्या गाड्या आणि मधून अरुंद वाट. सरळ जाताना ती सुरक्षित वाटते. पण गाड्यांच्या आणि झाडांच्या आड असलेला सायकलस्वार मोटारवाल्याला चौक येईपर्यंत दिसतच नाही, आणि चौकात एकदम समोर येतो. आपल्याला सर्वांत सुखरूप वाटतं त्याच ठिकाणी, नेमके धोक्याच्या क्षणाआधी, आपण अदृश्य असतो. हे मला मोडलेल्या हाडामुळे कळलं.

आता थोडं पुण्याकडे वळू, कारण आपल्यापैकी अनेकांची सायकल चालवण्याची सवय तिकडची आहे. पुणं एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. माझे वडील सायकलने नोकरीला जायचे. सायकलीवर नगरपालिकेचा कर होता, तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिवा हवा आणि डबलसीट जायचं नाही, हे दोन नियम प्रत्येकाला पाठ. वडील सांगायचे, दिवा न लावता पकडलं तर लोक म्हणायचे, "साहेब, वाऱ्याने आत्ताच विझला." मग हवालदार दिव्याला हात लावून बघायचा, गरम आहे का गार!

सत्तरच्या दशकात बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना आली. बघता बघता सायकली मागे पडल्या. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, पण सायकलमार्ग आखला की त्यावर दुचाकी आणि हातगाड्या उभ्या राहतात, हे तिथे राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

त्या रस्त्यांनी आपल्याला एक चांगली गोष्ट शिकवली आहे: कुणावर भरवसा न ठेवणं. समोरचा कुठूनही येईल, उलटाही येईल, हे आपण गृहीत धरतो. डोळ्याला डोळा भिडवतो, घंटी वाजवतो, वेग कमी करतो. जर्मनीत आल्यावर वर्षभरात ही सावधगिरी गळून पडते, कारण इथे सगळे नियम पाळतात. आणि 'उलट बाजूने गेलं तर काय बिघडतं' ही सवय मात्र तशीच राहते. म्हणजे टाकायची ती सवय आपण ठेवतो आणि ठेवायची ती टाकतो. इथला चालक जिथून कुणी येणं अपेक्षित आहे तिथेच पाहतो. उलट येणाऱ्या सायकलस्वाराला जर्मन भाषेत 'गाइस्टरराडलर' म्हणतात, म्हणजे भुतासारखा अचानक उगवणारा. त्या शनिवारी तो मी होतो.

आता इथला इतिहास बदलला कसा, तेही ऐका, कारण तो आपोआप बदलला नाही. पश्चिम जर्मनीने १९५३ मध्ये सगळ्या वेगमर्यादा काढून टाकल्या होत्या. १ सप्टेंबर १९५७ ला शहरांत ताशी ५० किलोमीटरची मर्यादा परत आली. तरी गाड्या वाढत राहिल्या आणि १९७० या एका वर्षात एकट्या पश्चिम जर्मनीत रस्त्यावर १९ हजारांहून जास्त माणसं मेली. शेजारच्या नेदरलँड्समध्ये १९७१ साली सुमारे ३,३०० जण गेले, त्यात ४०० हून अधिक मुलं होती. तिथले आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांचे खून थांबवा' हेच त्यांच्या चळवळीचं नाव. आज डच सायकलमार्गांचं कौतुक होतं, त्याची मुळं त्या पालकांच्या संतापात आहेत.

जर्मनीत १९८३ मध्ये ताशी ३० किलोमीटरचा पहिला विभाग आपल्याच राज्यात, लोअर सॅक्सनीतल्या बुक्सटेहुडे गावात सुरू झाला. मग १९९८ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एगीचा तो उड्डाणपूल तीस वर्षांनी उतरवला गेला. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून १९३४ च्या त्या जुन्या सक्तीला लगाम बसला. आता निळ्या गोल फलकावर पांढरी सायकल असेल, तरच तो मार्ग वापरणं बंधनकारक. फलक नसेल तर तुम्ही मुख्य रस्त्यावरून सायकल चालवू शकता, तो तुमचा हक्क आहे. चौसष्ट वर्षं लागली मंडळी, सायकल हेही वाहन आहे एवढं पुन्हा मान्य व्हायला.

२०२० मध्ये आणखी नियम आले. शहरात सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर ठेवायचं, शहराबाहेर दोन मीटर. साडेतीन टनांहून जड ट्रकने शहरात उजवीकडे वळताना, सायकल किंवा पादचारी येण्याची शक्यता असेल तिथे, चालण्याच्या वेगानेच वळायचं. २०२३ मध्ये संपूर्ण जर्मनीत रस्त्यावर २,८३९ माणसं गेली. १९७० शी तुलना केली तर केवढा फरक! पण त्यांतले ४४६ सायकलस्वार होते. म्हणून आता कामाचं बोलतो. मघाच्या इतिहासातूनच ते निघतं.

पहिलं, बाजू. सायकलमार्ग कितीही रिकामा असो, उजव्या बाजूचाच वापरायचा. डाव्या बाजूने जायला परवानगी आहे असा फलक असेल तरच जायचं. आपण डावीकडून चालणाऱ्या देशातून आलो आहोत, त्यामुळे थकलेले असताना किंवा घाईत असताना मेंदू जुन्या वाटेने जातो. सुट्टीहून, भारतातून परत आल्यावर पहिला आठवडा विशेष जपा.

दुसरं, ट्रक. ट्रकच्या उजव्या अंगाला एक मोठा भाग असा असतो, जो चालकाला नीट दिसत नाही. सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या शेजारी जाऊन उभं राहू नका, मागेच थांबा. तुमचा सिग्नल हिरवा असेल आणि हक्कही तुमचा असेल, तरी चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असं समजा. ती पुण्याची डोळ्याला डोळा भिडवायची सवय इथे कामी येते.

तिसरं, गाडीचं दार. पार्क केलेल्या गाड्यांपासून सुमारे एक मीटर लांबून चला. मागची गाडी हॉर्न वाजवेल, वाजवू दे. आणि आपण गाडीत असलो, तर दाराच्या लांबच्या हाताने दार उघडायचं. म्हणजे डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. मुलांना ही सवय लावा, फुकटात कुणाचा तरी जीव वाचेल.

चौथं, ट्रामचे रूळ. हॅनोव्हरमध्ये ते जागोजागी आहेत आणि सायकलीचं चाक त्या खाचेत अलगद बसतं. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. पावसात आणि पानगळीत तर उतरून चालत ओलांडण्यातही कमीपणा नाही.

पाचवं, दिवे. इथे डिसेंबरात सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, पेडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर. हवालदार हात लावून बघणार नाही, पण समोरच्या गाडीला तुम्ही दिसायला हवेत.

सहावं, वळताना मान वळवून मागे बघा, मग हात दाखवा, मग वळा. मोठ्या चौकात डावीकडे वळायला भीती वाटत असेल तर सरळ पलीकडे जा, थांबा आणि तिथून पुढच्या सिग्नलला डावीकडे जा. वेळ एक मिनिट जास्त लागतो.

आणि सर्वांत शेवटी हेल्मेट. जर्मनीत सायकलवर हेल्मेटची सक्ती नाही. एका बाईंवर अचानक गाडीचं दार उघडलं आणि त्या पडल्या. हेल्मेट नव्हतं म्हणून थोडा दोष त्यांचाही, असं खालच्या कोर्टाने म्हटलं. २०१४ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते फेटाळलं. मला तो निकाल योग्य वाटतो, आणि तरीही मी हेल्मेट घालतो. आमच्या घरात सगळेच घालतात. फक्त ते पडल्यानंतर उपयोगी पडतं, पडू नये यासाठी बाकीचं सगळं, हे लक्षात ठेवतो.

लहान मुलं असतील त्यांच्यासाठी अजून एक. आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी फूटपाथवरून सायकल चालवायची असते, फक्त मोटाररस्त्यापासून वेगळ्या सायकलमार्गावर त्यांना जाता येतं. दहा पूर्ण होईपर्यंत फूटपाथची मुभा आहे. २०१६ च्या अखेरीपासून, आठ वर्षांखालच्या मुलासोबत सोळा वर्षांवरचं कुणी फूटपाथवर सायकल चालवू शकतं. म्हणजे तुम्ही रस्त्यावर आणि पोर फूटपाथवर, मधे गाड्यांची रांग, अशी कसरत करायला नको.

आमची मुलगी यंदा चौथीत आहे. इथे चौथीत शाळेतच सायकलची परीक्षा असते, लेखी आणि प्रत्यक्ष. मागच्या महिन्यात तिच्या सरावासाठी आम्ही दोघं निघालो. बेकरीकडेच. दारातून बाहेर पडताच ती मोठा रस्ता ओलांडायला सिग्नलला थांबली. मी गंमतीने म्हटलं, "अगं, इकडूनच जाऊ, तीनशे मीटर तर आहे." तिने माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तू नापास."

रात्री आईला फोनवर हे सांगितलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "बरं झालं. आणि हेल्मेट घालता ना दोघं?"

तुमच्या गावात, तुमच्या देशात सायकलचे कुठले नियम आहेत, नवीन आलेल्या मराठी कुटुंबाला कुठली गोष्ट आधी सांगाल, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत उजवीकडून चला, मागे बघून वळा. नमस्कार.